ब्राउनिंगवर पैसे लावावेत का? (सुपरफ्लेक्स लीग, बरो गेला)

मेसनकर | १७ नोव्हेंबर २०२३

मंडळी, एनएफएलची (अमेरिकन फुटबॉल) कालची सिनसिनाटी-बाल्टिमोर मॅच बघितली असेल तर माझं तोंड कसं झालंय ते कळेलच. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो, त्याने दुसऱ्या क्वार्टरला रनिंगबॅक मिक्सनला टचडाउनचा पास टाकला आणि मग साइडलाइनला नुसता सरावाचा बॉल टाकायला गेला तर टाकताच येईना, मनगट धरून वाकला तो वाकलाच. आज कोच झॅक टेलरने सांगून टाकलं, उजव्या मनगटाचं लिगामेंट फाटलंय, सीझन खलास.

आमची ऑफिसची फॅन्टसी लीग आहे, खऱ्या खेळाडूंची आपली टीम बांधायची आणि त्यांच्या खेळाचे पॉइंट आपल्याला. १२ टीम, सुपरफ्लेक्स, हाफ पीपीआर (प्रत्येक कॅचला अर्धा पॉइंट), पासच्या टचडाउनला ४, इंटरसेप्शनला (पास समोरच्याने पकडला तर) उणे २. ड्राफ्टच्या (आळीपाळीने खेळाडू निवडायच्या) पहिल्या राउंडला सिनसिनाटीचाच रिसीव्हर जमार चेस घेतला, आणि बरोची कॅम्पमध्ये पोटरी दुखावली होती म्हणून तो दुसऱ्या राउंडपर्यंत घसरत आला तर मला वाटलं लॉटरीच लागली. म्हणजे सगळा संसार सिनसिनाटीच्या भरवशावर, वर राहतो पण इथेच. दुसरा क्यूबी (क्वार्टरबॅक) जॉर्डन लव्ह आहे. ७-३ वर आहे, प्लेऑफला जाईन बहुतेक.

वेव्हरवर (कुणाच्याच टीममध्ये नसलेले खेळाडू, बोली लावून घ्यायचे) बरोचा बॅकअप जेक ब्राउनिंग पडलाय. माझ्याकडे सीझनभराच्या बोलीच्या शंभरातले ३७ डॉलर उरलेत. किती लावू?

टचडाउन_तात्या | १७ नोव्हेंबर

शून्य.

रात्रपाळी | १८ नोव्हेंबर

पुण्यातून वाचतोय. यूएस क्लायंटच्या टीमने मला लीगमध्ये ओढलं, सुपरफ्लेक्स काय असतं तेच अजून नीट कळलेलं नाही. तात्या नेहमीप्रमाणे एका शब्दात मोकळे, कुणीतरी कारण सांगा की.

आकडेमोड्या | १८ नोव्हेंबर

ड्रीम इलेव्हन डोक्यातून काढ आधी. तिथे एकच विराट सगळ्यांच्या टीममध्ये असू शकतो, इथे ड्राफ्टला जो ज्याने उचलला तो सीझनभर त्याचाच, बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. साध्या लीगमध्ये एकच क्वार्टरबॅक खेळवतात, म्हणजे १२ जण १२ घेणार, लीगमध्ये स्टार्टर ३२, त्यामुळे कुणी जखमी झाला तरी बेकर मेफील्डसारखा बरा माणूस फुकट पडलेला असतो आणि बॅकअपकडे ढुंकूनही बघायला नको. सुपरफ्लेक्समध्ये एक जादा जागा असते, तिथे कुणालाही बसवता येतं पण सगळे क्यूबीच बसवतात कारण पॉइंट त्यांनाच जास्त पडतात. मग १२ दुणे २४, वर बाय वीकसाठी (टीमचा सुट्टीचा आठवडा) जो तो तिसरा साठवून ठेवतो, म्हणजे दुकान रिकामं. म्हणून मेसनकरांचा प्रश्न वेडगळ नाही.

आता ब्राउनिंग. २७ वर्षांचा, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा, एनएफएलच्या २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. मिनेसोटाने (व्हायकिंग्स) प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरते राखीव खेळाडू) ठेवला आणि नंतर काढून टाकला, मग इकडे दोन वर्षं परत प्रॅक्टिस स्क्वॉड. या सीझनआधी रेग्युलर सीझनचा एक पास त्याच्या नावावर नाही.

पण मी बॅकअप बघताना बॅकअपकडे शेवटी बघतो. आधी हे बघायचं की तो बॉल कुणाला टाकणार. इथे चेस आहे, टी हिगिन्स आहे, टायलर बॉइड आहे, मागे मिक्सन. एवढं सामान लीगमधल्या निम्म्या स्टार्टरांकडे नाही. दुसरं, पायाने किती कमावतो, कारण पासचे २५ यार्ड म्हणजे १ पॉइंट आणि पळून १० यार्डलाच १, पासच्या टचडाउनला ४ आणि पळून केलेल्याला ६. घाबरलेला बॅकअप पळत सुटतो आणि तेच आपल्याला हवं असतं :) तिसरं वेळापत्रक. पुढे स्टीलर्स, जॅग्वार्स, कोल्ट्स, व्हायकिंग्स, परत स्टीलर्स, मग चीफ्स. मधल्या तीन मॅचेस सोन्यासारख्या. दोन्ही कडेला स्टीलर्सचा टी. जे. वॉट, क्यूबीला आडवा करणारा, उभा आहे, आणि दुसऱ्यांदा तो १६ व्या आठवड्यात, म्हणजे तुमच्या सेमीफायनलला. हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

१२ ते १५ डॉलर. त्याच्यावर नको.

टचडाउन_तात्या | १८ नोव्हेंबर

कारण हवं का, घ्या. २०१७. मी फिलीजवळ (फिलाडेल्फिया) राहतो, टीम ईगल्स, फॅन्टसीतही कार्सन वेन्ट्झ. १० डिसेंबरला एलएला त्याचा गुडघा गेला. सगळे म्हणाले निक फोल्स घे, सिस्टीम तीच आहे, रिसीव्हर तेच आहेत. घेतला. पहिल्याच मॅचला जायंट्सविरुद्ध चार टचडाउन, मी घरात नाचलो. पुढच्या आठवड्यात आमची फायनल, नाताळच्या रात्री रेडर्सविरुद्ध, थंडी मरणाची, आणि हा पठ्ठ्या १६३ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. साडेआठ पॉइंट! समोरच्याने सोमवारी झोपायच्या आधीच मेसेज टाकला, थँक यू निक.

आणि त्यानंतर त्याच फोल्सने सुपर बोलमध्ये ३७३ यार्ड, पेट्रियट्सना ४१-३३, एमव्हीपी. शहरात लोक खांबांवर चढले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. पण फॅन्टसीवाल्याला त्याचं काय, माझी लीग २५ डिसेंबरलाच संपली होती.

मेसनकर | १८ नोव्हेंबर

तात्या, भावना पोचल्या. पण समजा ब्राउनिंग नाही तर दुसरा कोण? डॉब्ज कुणीतरी उचललाय, मिन्श्यूही उचललाय, उरलाय तो जायंट्सचा डीव्हिटो.

एडिसनची_माई | १९ नोव्हेंबर

अरे डीव्हिटोला नावं ठेवू नका, आमच्या जर्सीचा मुलगा आहे, सिडर ग्रोव्हचा. अजून आईवडिलांच्या घरी राहतो, आई चिकन कटलेट करून घालते आणि अंथरूणही तीच आवरते असं त्यानेच सांगितलं. आमच्या दोन्ही मुलांना हे ऐकवलं तर म्हणतात बघ आई, एनएफएल खेळणाऱ्याची आई काय काय करते.

आज कमांडर्सविरुद्ध तीन टचडाउन केले त्याने. नऊ वेळा सॅक होऊन, म्हणजे बॉल टाकायच्या आधीच आडवा पडून!

गुगली | २० नोव्हेंबर

कालपासून डोकं बंद आहे. पहाटे साडेतीनला उठून अहमदाबादची फायनल बघितली, वीसेक माणसं बेसमेंटमध्ये, चहाचे दोन पातेले, आणि हेडची सेंच्युरी झाल्यावर एकेक जण न बोलता जोडे घालायला लागला. त्यामुळे फुटबॉलवर काही बोलायची इच्छा नव्हती, पण तात्या बॅकअपला इतकं हिणवतायत म्हणून लिहितो. शमी पहिल्या चार मॅचेस बाकावर होता. हार्दिकचा घोटा मुरगळला, टीम बदलावी लागली, म्हणून आला. सात मॅचमध्ये २४ विकेट, वानखेडेला सेमीफायनलमध्ये सात. बाकावर बसलाय म्हणजे कच्चा असेलच असं नाही, पुढे कोण उभा आहे त्यावर असतं. आमच्या शिवाजी पार्कच्या पद्माकर शिवलकरांच्या ५८९ विकेट आहेत फर्स्ट क्लासमध्ये आणि टेस्ट एकही नाही, कारण पुढे बेदी. ब्राउनिंगच्या पुढे बरो होता.

टचडाउन_तात्या | २० नोव्हेंबर

शमीच्या आधी शंभरच्या वर वनडे विकेट होत्या हो. ब्राउनिंगचं काय आहे? शिवलकरांना यात आणू नका, पाप लागेल.

आकडेमोड्या | २० नोव्हेंबर

गुगली यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. क्रिकेटमध्ये राखीव बॉलर नेट्समध्ये रोज तितकीच बॉलिंग टाकतो. इथे आठवड्याच्या प्रॅक्टिसला जवळजवळ सगळे स्नॅप (प्ले) स्टार्टर घेतो आणि बॅकअप स्काउट टीमवर, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच डिफेन्सला सराव देतो. चेस कट घेताना कुठल्या पावलाला वळतो हे त्याला टीव्हीवर बघणाऱ्याइतकंच माहीत असतं. म्हणून मधेच उतरलेल्या बॅकअपचे आकडे विसरायचे आणि पूर्ण आठवडा सराव मिळाल्यावर काय करतो ते बघायचं.

डॉब्ज हा अपवाद. ३१ ऑक्टोबरला ट्रेड होऊन मिनेसोटात आला, ५ नोव्हेंबरला अटलांटाविरुद्ध मधेच उतरवला, कोच हेल्मेटच्या रेडिओवर समजावतोय, आणि तो रेडिओही प्ले क्लॉकला (प्ले सुरू करायच्या घड्याळाला) १५ सेकंद उरले की बंद होतो. तरी ३१-२८ जिंकला. एरोस्पेस इंजिनियर आहे म्हणा. पण त्यातले ६६ यार्ड पळून होते, एक टचडाउनही. त्याचा पास बघून कुणी विकत घेत असेल तर सांभाळून.

एडिसनची_माई | २१ नोव्हेंबर

मेसनकर, एक सुचवू का? क्लीव्हलंडने काल जो फ्लॅकोला प्रॅक्टिस स्क्वॉडवर घेतलंय. त्यांच्या क्यूबीचा, वॉटसनचा, खांदा मोडलाय, आत्ता खेळतोय तो मुलगा अगदी नवखा आहे. एक जागा रिकामी असेल तर शून्य डॉलरला घेऊन ठेवा.

मेसनकर | २१ नोव्हेंबर

माई, तो ३८ वर्षांचा आहे हो :D सोफ्यावरून उठवून आणलाय त्याला.

टचडाउन_तात्या | २१ नोव्हेंबर

माईंना जर्सीचा कुणीही चालतो.

एडिसनची_माई | २१ नोव्हेंबर

हो, ऑड्युबनचा आहे, पाच मुलांचा बाप आहे. आणि आमच्या घरात जेट्सचे चाहते असल्यामुळे तो जेट्सकडे असताना त्याला जवळून बघितलाय. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये याच क्लीव्हलंडला जाऊन ३०७ यार्ड, चार टचडाउन, शेवटच्या दीड मिनिटात दोनदा स्कोर करून ३१-३० ने मारलं होतं त्यांना. माझे यजमान मॅच संपली म्हणून गाडी धुवायला गेले होते. त्याला पळता येत नाही हे खरं, पण लांब टाकायला भीत नाही. बाकीचे बॅकअप कसे दोन-दोन यार्डाचं चिल्लर टाकतात, हा नोटा टाकतो. मी आमच्या घरच्या लीगमध्ये घेतला. सून हसली, हसू दे.

मेसनकर | २२ नोव्हेंबर

ब्राउनिंग मिळाला. ३१ डॉलर लावले. दुसऱ्या नंबरची बोली ९ होती. कृपया कुणी काही बोलू नका.

आकडेमोड्या | २२ नोव्हेंबर

मी १५ म्हणालो होतो.

मेसनकर | २७ नोव्हेंबर

स्टीलर्सकडून १६-१० हरलो. २२७ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. अकरा पॉइंट. टचडाउन दिला कुणाला तर ड्रू सॅम्पलला, म्हणजे चेसचेही गेले. तात्या, बोला.

टचडाउन_तात्या | २७ नोव्हेंबर

मी काय बोलू, पाव महाग पडला एवढंच.

रात्रपाळी | ५ डिसेंबर

अरे काय होता तो ब्राउनिंग जॅग्वार्सविरुद्ध!!! तुमचा सोमवार रात्र म्हणजे आमचा मंगळवार सकाळी पावणेसात. शिफ्ट साडेचारला संपली, झोपायचंच नाही ठरवलं. बायकोने पोह्यांची डिश हातात दिली आणि ऑफिसला गेली, ती डिश ओव्हरटाइमपर्यंत तशीच, पोहे गार, खोबरं वाळलं. ३७ पैकी ३२ पास पूर्ण! ३५४ यार्ड! चेसला ७६ यार्डाचा एक, वर स्वतः पळून एक टचडाउन. किकर मॅकफर्सनने जिंकायची किक मारली तेव्हा ओरडलो तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला, काय झालं, पडलास का.

मेसनकर, जिवंत आहात ना?

मेसनकर | ५ डिसेंबर

मोजून सांगतो, ३५४ यार्डचे १४.१६, पासचा टचडाउन ४, पळून केलेला ६, झाले २४.१६, पळालेल्या यार्डांचे वेगळे. आणि त्या ७६ यार्डांचे चेसलाही मिळाले, म्हणजे एकाच पासचे दोन्ही खिशांत. ३१ डॉलर वसूल. बायकोला समजावून सांगितलं तर म्हणाली मग आता छपराचं गटार साफ करायला शिडीवर चढणार का.

आकडेमोड्या | ५ डिसेंबर

अभिनंदन, पण मॅच परत बघा. बॉल हातातून लगेच सुटतोय, सगळे छोटे फेक, मिक्सनला बाजूला. बरोसाठी बनवलेला प्लॅन टेलरने गुंडाळून ठेवला आणि याच्यापुरता नवीन बेतला. चांगलंच आहे. फक्त हे जोवर समोरच्याची पास रश (क्यूबीवर धावून येणारे) पोचत नाही तोवर चालतं.

आणि माईंचा फ्लॅको खेळला बरं का रॅम्सविरुद्ध, २५४ यार्ड, दोन टचडाउन. मेसनकर, मोकळा असेल तर उचला.

मेसनकर | ६ डिसेंबर

आज सकाळी ७ डॉलरला गेला. माझ्याकडे ६ होते.

एडिसनची_माई | ६ डिसेंबर

अगंबाई.

मेसनकर | ११ डिसेंबर

कोल्ट्सना ३४-१४. २७५ यार्ड, दोन पासचे टचडाउन, एक पळून. एक पिक सिक्स दिला, म्हणजे त्याचा पास समोरच्याने पकडून थेट आपल्याच घरात नेऊन ठेवला, तरी २३. प्लेऑफ पक्का झाला.

अवांतर: डॉब्जला बाकावर बसवलं मिनेसोटाने. ती मॅच ३-० ने संपली. फुटबॉलमध्ये! आमच्या लीगमध्ये डॉब्जला ४० डॉलर देऊन घेणारा माणूस आज लंचला एकटाच बसला होता.

रात्रपाळी | १७ डिसेंबर

व्हायकिंग्सला हरवल्यावर ब्राउनिंग कॅमेऱ्यात बघून ओरडला, मला काढायलाच नको होतं म्हणून. ज्या टीमने काढून टाकलं तिलाच ओव्हरटाइममध्ये २७-२४. मी पण एका कंपनीतून असाच निघालो होतो, अंगावर काटा आला राव.

मेसनकर | १७ डिसेंबर

क्वार्टर फायनल जिंकलो! ३२४ यार्ड, दोन टचडाउन, एक इंटरसेप्शन, एकोणीसच्या आसपास. हिगिन्सचा तो शेवटचा टचडाउन बघितला का, उडी मारून पकडला, खाली आला तेव्हा पाठ एंड झोनकडे आणि हात मागे नेऊन बॉल रेषेपलीकडे टेकवला. मी सहा वेळा बघितला.

वाईट बातमी, चेसचा खांदा गेलाय. पुढच्या आठवड्यात नाही बहुतेक. आणि पुढे पिट्सबर्ग, तेही त्यांच्या घरी. बसवू का याला सेमीफायनलला टीममध्ये? नाहीतर त्या जागी रनिंगबॅक झॅक मॉस आहे बेंचवर.

आकडेमोड्या | १७ डिसेंबर

१८ नोव्हेंबरला वहीत लिहायला सांगितलं होतं.

मी नाही बसवणार. चेसशिवाय सामान निम्मं, वॉट समोर, आणि याचे आता चार पूर्ण मॅचेसचे फिल्म त्यांच्याकडे आहेत, त्यातली एक त्यांचीच. पहिल्या वेळी त्यांना नवीन होता म्हणून वाचला, दुसऱ्यांदा तसं होत नाही. पण मॉसचा हात दुखावलाय, तो खेळतोय की नाही तेही बघा.

टचडाउन_तात्या | १७ डिसेंबर

बसवा. माणसाने तुम्हाला इथवर आणलं, आता बाहेर बसवलंत आणि तो चालला तर जन्मभर झोप लागणार नाही. मी फोल्सला बसवला त्याचं दुःख आहे, पश्चात्ताप नाही.

मेसनकर | २३ डिसेंबर, रात्री

मॉस बाहेर, त्यामुळे निवड अशी राहिलीच नाही. बसवला.

मित्राकडे पॉटलक होतं. साडेचारची मॅच. मी फोन पाणी प्यायच्या निमित्ताने किचनमध्ये नेला, ओट्यावर श्रीखंडाच्या डब्याला टेकवून ठेवला. पिट्सबर्गच्या दुसऱ्याच प्लेला मेसन रुडॉल्फने, हाही बॅकअपच, किंबहुना तिसरा, रिसीव्हर पिकन्सला टाकला आणि तो ८६ यार्ड पळाला. पिकन्स समोरच्याच्या टीममध्ये. चार कॅचमध्ये १९५ यार्ड, दोन टचडाउन. अहो, आदल्या आठवड्यात ब्लॉक करायचा कंटाळा केला म्हणून अख्खं जग त्याला शिव्या देत होतं. माझ्या ब्राउनिंगने ३३५ यार्ड केले, हिगिन्सला ८० यार्डाचा एक, आणि तीन इंटरसेप्शन. साडेअकरा पॉइंट. ३४-११.

तिसऱ्या इंटरसेप्शनला मित्राची आई किचनमध्ये आल्या, म्हणाल्या श्रीखंड आवडलं वाटतं, आणि वाटीत अजून दोन चमचे घातले. खाल्लं.

सहा पॉइंटने हरलो.

आकडेमोड्या | २४ डिसेंबर

लिहू नये पण हात थांबत नाही. फ्लॅको आज ह्यूस्टनला ३६८ यार्ड, तीन टचडाउन, दोन इंटरसेप्शन. तुमच्या नियमाने २२.७२. अमारी कूपरला एकट्याला २६५ यार्ड.

मेसनकर | २४ डिसेंबर

माहीत आहे. पिकन्सवाल्यानेच नेला होता तो ७ डॉलरला.

गुगली | २४ डिसेंबर

बेंचवर बसलेला चांगला निघाला हे मी म्हणालोच होतो, फक्त माणूस चुकला.

टचडाउन_तात्या | २५ डिसेंबर

मेसनकर, नाताळ आहे, माझ्याकडून एक कप चहा तुमच्या नावाने. सहा वर्षं झाली आज.

एडिसनची_माई | ३१ डिसेंबर

कळवायला आनंद होतो की घरच्या लीगची फायनल मी जिंकले. गुरुवारी फ्लॅकोने जेट्सविरुद्ध तीन टचडाउन केले, यजमान एकीकडे जेट्स हरले म्हणून चिडलेले आणि एकीकडे माझ्या फोनवर पॉइंट मोजून देत होते. काल माझ्या टीमच्या सीडी लॅम्बने २२७ यार्ड केले तेव्हा सुनेने हात जोडले. बक्षीस म्हणून वर्षभर भांडी मी लावायची नाहीत. मेसनकर, पुढच्या वर्षी सांगेन तेव्हा ऐका.

टचडाउन_तात्या | १३ जानेवारी २०२४

माई, बघताय ना? प्लेऑफला ह्यूस्टन ४५, क्लीव्हलंड १४. तुमच्या फ्लॅकोने पाठोपाठ दोन पिक सिक्स दिले.

एडिसनची_माई | १३ जानेवारी

नाही बघत, भाकरी टाकतेय. आमची लीग ३१ डिसेंबरलाच संपली.